सौम्य शब्दांचे राज्य

कठोर कृत्य मृदू शब्दांत सांगण्याची कला इंग्रजी भाषेने, विशेषतः राज्यकारभारात, फार जोपासली. हा निव्वळ शिष्टाचार आहे असे पुष्कळांस वाटते. जयपुरास राहून सरकारी कागद हाताळणाऱ्या आम्हांस मात्र तसे वाटत नाही.

२ एप्रिल १८१८ रोजी जयपूर संस्थानाने कंपनी सरकारशी तह केला. आरंभी शाश्वत मैत्रीचे वचन. पुढे महाराजांनी 'सबॉर्डिनेट को-ऑपरेशन' करावे असे कलम. सहकार्य बरोबरीच्यांत होते. त्यास 'दुय्यम' हे विशेषण लागले की ताबेदारी उरते. या मैत्रीपोटी सहाव्या वर्षापासून सालीना ८ लक्ष रुपये खंडणी ठरली.

१८४८ साली साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज निवर्तले. त्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला आणि राज्य 'लॅप्स' झाले. मार्चअखेर न खर्चलेल्या रकमेस आम्ही कचेरीत हाच शब्द लावतो. रक्कम आपोआप बुडते. छत्रपतींचे राज्यही जणू तसेच, कोणी हात न लावता बुडाले!

जयपूर व मराठी मुलूख यांचा याच संदर्भात पुढे एकदा संबंध आला. बडोद्याचे रेसिडेंट कर्नल फेअर यांस नोव्हेंबर १८७४ मध्ये विष देण्याचा प्रयत्न झाल्याचा आळ मल्हारराव गायकवाडांवर आला. चौकशी आयोगात जयपूरचे महाराज रामसिंह, ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे व सर दिनकरराव हे तीन हिंदी सदस्य होते. तिघांनाही आरोप सिद्ध झालेला वाटला नाही. तिघा इंग्रजांना वाटला. एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांस पदच्युत केले, ते आयोगाच्या निर्णयावरून नव्हे, तर गैरवर्तन, अंदाधुंदी व नालायकी अशा उघड शब्दांत. फेअरसाहेबांस मात्र, त्यापूर्वी त्या जागेवरून दूर करताना, 'राजीनामा देण्याची संधी' देऊ केली होती.

म्हणजे हा मृदूपणा करुणेतून आलेला नव्हे. दुसऱ्याचा दोष सांगताना तीच भाषा रोखठोक होते. स्वतःचे कृत्य सांगताना कर्ता लपवते.

राज्य गेले, पण वाक्ये राहिली. 'विनंती मान्य करणे शक्य झाले नाही, याबद्दल खेद आहे' असा मसुदा आजही आमच्यापैकी कोणीतरी करतो. तो पेन्शनीसाठी खेटे घालणाऱ्या एखाद्या विधवेच्या हाती पडतो, आणि नकार कोणी दिला व का दिला हे तिला त्यातून कळत नाही. मसुद्यात ते दोन शब्द घालणे आमच्या हाती आहे.