ग्रंथसूचीची किल्ली कोणाच्या हातीं?

ग्रंथालयाचा खरा कारभार कपाटांत नसून ग्रंथसूचींत असतो. हवा तो ग्रंथ कोठें आहे, कोणी नेला आहे आणि परत केव्हां येणार, हें सूची सांगत नसेल, तर भरलेलीं कपाटेंहि वाचकास निरुपयोगी होत. अशी सूची अनेक गांवांनीं मिळून राखावयाची, तर ती कोणत्या साधनानें राखावी? अमेरिकेंतील जॉर्जिया राज्यांत हा प्रश्न कसा सुटला, याचा इतिहास बोधप्रद आहे.

१९९९ सालीं जगभर एक भीति पसरली होती. जुन्या संगणकांत सालाचे शेवटचे दोनच आंकडे नोंदले जात. २००० साल उजाडतांच तें १९०० समजून ते हिशेब चुकवतील, अशी ती भीति. जॉर्जियांतील अनेक लहान ग्रंथालयांचीं यंत्रें अशींच जुनीं होतीं. या अडचणीच्या निवारणासाठीं मिळालेल्या सरकारी पैशांतून तेथील ग्रंथालय खात्यानें 'पाइन्स' ही समाईक सूची उभारली. एकाच ओळखपत्रावर वाचकास दुसऱ्या गांवचा ग्रंथ मागवितां येऊं लागला.

ही सूची चालविणारी आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, विकत घेतलेली होती. पसारा वाढला तसें तिचें तोकडेपण जाणवूं लागलें. एका ग्रंथालयाच्या मापानें बेतलेला अंगरखा शेंकडों ग्रंथालयांस कसा पुरावा? शिवाय दुरुस्ती करावी, तर तिचा मूळ मजकूर विकणाराच्या कुलपांत!

दुसरा मार्ग न्यूझीलंडनें दाखविला होता. लेव्हिन गांवच्या होरोव्हेनुआ ग्रंथालय विश्वस्त मंडळाचें जुनें साधनहि २००० सालीं निकामी होणार होतें. मंडळानें कटिपो नांवाच्या कंपनीकडून नवी आज्ञावली लिहवून घेतली व जानेवारी २००० मध्यें ती चालूं केली. एकाच लहान कंपनीवर कायम विसंबणें नको, म्हणून तिचा मूळ मजकूर सर्वांस खुला केला. कोणीहि ती घ्यावी, वाचावी, सुधारावी. 'कोहा' हें तिचें नांव. माओरी भाषेंत कोहा म्हणजे भेट. आणि भेट घेणारानें पुढें आपणहि कांहीं द्यावें, हा संकेत त्यांत आहे. भारतांतील अनेक ग्रंथालयेंहि आज कोहा वापरतात.

जॉर्जियाच्या खात्यानें उपलब्ध साधनें पारखलीं. राज्यव्यापी कारभारास एकहि पुरेसें वाटेना, तेव्हां २००४ सालीं स्वतःच आज्ञावली लिहिण्याचा निश्चय झाला. आधीं ग्रंथालयांतील कामकऱ्यांस त्यांच्या गरजा विचारल्या. मग मोजक्या माणसांनीं ती लिहिली. ५ सप्टेंबर २००६ रोजीं 'एव्हरग्रीन' अडीचशेंहून अधिक ग्रंथालयांत चालूं झाली. तिची रचना वृक्षासारखी आहे. वर संपूर्ण राज्य, त्याखालीं ग्रंथालयांचे समूह, त्याखालीं शाखा. वाचकानें आपल्या शाखेपुरतें शोधावें किंवा साऱ्या राज्यांत.

ही आज्ञावलीहि मूळ मजकुरासह खुली ठेवण्यांत आली. तिच्यांत उणिवा नव्हत्या असें नाहीं. ग्रंथखरेदी आणि नियतकालिकांच्या नोंदी यांची पुरी सोय तींत प्रथम नव्हती; ती २०११ च्या आवृत्तींत आली. मध्यंतरीं ज्यांनीं ती स्वीकारली, त्यांना या कामांची व्यवस्था निराळी पाहावी लागली. परवान्याचें मूल्य नसलें, तरी जुन्या नोंदी नव्या सूचींत नेणें, नोकरवर्गास शिकविणें आणि जाणत्या माणसांस वेतन देणें चुकत नाहीं.

म्हणून अशा निवडींत केवळ किंमत पाहून भागत नाहीं. साधन सर्व गांवांचा भार सोसेल काय, आज त्यांत काय उणें आहे, आणि तें उणें भरून काढण्याची मुभा व माणसें आपल्याजवळ आहेत काय, हें पाहावें लागतें. जॉर्जियानें मुभा मिळविली आणि माणसेंहि जोडलीं. त्या श्रमाचा लाभ पुढें कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया व अमेरिकेंतील इंडियाना येथील ग्रंथालयांनींहि घेतला. त्यांना प्रारंभापासून सर्व लिहीत बसावें लागलें नाहीं.