घुंगरांची खंडेनवमी

नवमीच्या सकाळी ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरी पाट मांडला जातो. त्यावर बाबांचा पाना, आईची कात्री, माझं पेन आणि भाचीचे कथकच्या क्लासचे घुंगरू. सुती दोरीत ओवलेले, दोन घुंगरांमध्ये एकेक गाठ. हळदकुंकू लावताना एखादा किणकिणतो, तेवढंच. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, म्हणून घुंगरूही गप्प.

हे क्लासवाल्यांचं नवं खूळ, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. या रिवाजाला वडिलांकडचं कूळ आहे आणि आईकडचंही.

वडिलांकडचं कूळ तलवारीचं. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडली. त्या वस्तीला आजही लष्करच म्हणतात. छावणीबरोबर मराठी घरं आली आणि घरांबरोबर खंडेनवमी. खंडा म्हणजे रुंद पात्याची तलवार. दसऱ्याला मांढरे की मातेच्या देवळापाशी शिंदे घराण्याचे प्रमुख शमीला तलवार लावतात आणि लोक पानांचं सोनं लुटतात. पण हत्यार म्हणजे ज्याच्यावर घर चालतं ते, हे मराठी माणसाने केव्हाच ठरवलं होतं. शेतकऱ्याने नांगर पुजला, सुताराने रंधा, कारकुनाने दौत.

आईकडचं कूळ याहून जुनं. नंदिकेश्वराच्या ‘अभिनयदर्पणा’त घुंगरांना किंकिणी म्हटलंय. त्या कांशाच्या असाव्यात, नाद गोड असावा, निळ्या दोऱ्यात घट्ट गाठी मारून ओवाव्यात, एकेका पायात शंभर किंवा दोनशे. आणि नक्षत्रं ही त्यांची देवता! नृत्य विशेषतः पर्वकाळी पाहावं, असंही तोच ग्रंथ सांगतो. सणाशी नाचाची सोयरीक गॅदरिंगमुळे जुळलेली नाही. आमच्या कॉलनीच्या नावातही दर्पण आहे, या योगायोगाचा मला फार आनंद वाटतो.

ज्या साधनाला ग्रंथाने देवता नेमून दिली, ते हत्यारांच्या पंगतीत बसलं तर तो त्याचा हक्कच आहे.

दसऱ्याच्या सकाळी भाची घुंगरू उचलते, कपाळाला लावते आणि पायात बांधून पहिला तत्कार करते. ज्यांच्या मुली क्लासला जातात त्यांना एवढंच सांगणं: घुंगरू बाजारातून तयार आणलेत तरी निदान एक गाठ मुलीच्या हाताने पडू द्या, आणि नवमीला त्यांना पाटावर जागा द्या.