झाकणाखालचा इतिहास

दसऱ्याला घातलेल्या झेंडूच्या माळा दिवाळीपर्यंत वाळत गेल्या तरी आमच्या गल्लीतल्या मोटारींवरून उतरत नाहीत. गाडीला हळदकुंकू लागते, चाकाखाली लिंबू फुटते, पुढे काळी बाहुली लोंबते, पण पूजा करणाऱ्या गृहस्थाला कोणी विचारले की, "बॉनेट कसे उघडते हो हे?" तर तो बावरून बायकोकडे पाहू लागतो! वाचकहो, मी त्याला हसत नाही. मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. रिकाम्या वेळात कादंबऱ्या लिहिते. मोटारीच्या अंतरंगाशी माझा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. तो आला धारूरच्या घाटात, आणि त्यापायी माझ्या काकांच्या उजव्या हाताची कातडी गेली.

परंतु गोष्ट घाटापासून सुरू करण्यापेक्षा माहेरापासून सुरू करू.

जर्मनीतल्या मॅनहाइम शहरी कार्ल बेंझ नावाच्या कारागिराने 29 जानेवारी 1886 रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. गाडी झाली, पण ती घ्यायला गिऱ्हाईक पुढे येईना. तेव्हा 1888 च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बेर्था हिने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलगे बरोबर घेतले आणि ती सुमारे 100 किलोमीटरवरच्या फोर्त्सहाइमला आपल्या आईकडे निघाली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास हा असा माहेरचा प्रवास होता! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिच्यावर मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपले ते औषधाच्या दुकानातून घेतले. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तर वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज ज्याला ब्रेकचे लायनर म्हणतात त्याचा जन्म त्या चामड्यात आहे. चढावर मात्र गाडी हटून बसे आणि पोरांना ढकलावी लागे. बाई परत आल्या, नवऱ्याला अडचण सांगितली, आणि बेंझने चढासाठी एक जास्तीचा गिअर बसवला.

पाण्याचे दुखणे मात्र राहिलेच. इंजनाच्या पोटात इंधन जळते, त्यातली थोडीच शक्ती चाकापर्यंत पोचते. बाकीची नुसती उष्णता होऊन बसते. ती बाहेर काढली नाही तर लोखंड लोखंडाला चिकटेल. बेंझच्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई आणि पुन्हापुन्हा भरावे लागे. 1901 च्या मर्सिडीज गाडीला विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला, तेव्हा तेच तेच पाणी फिरवून थंड करण्याची सोय नीट लागली. इंजनातले गरम पाणी बारीक नळ्यांतून जाते, पंखा वारा ओढतो, पाणी निवते आणि परत कामाला लागते. सुनेसारखे! विश्रांती ती नाहीच.

आमच्या मुलखात ही यंत्रे जरा उशिरा आली, पण अगदीच मागून नव्हे. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात 1932 सालीच सरकारी रेल्वेखात्याने 27 बसगाड्यांनिशी मोटारसेवा काढली होती. 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर ही एस.टी.ची पहिली गाडी धावली, त्या दिवशी नगरच्या पूर्वेला हद्द ओलांडली की निजामाचाच अंमल होता. तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात संपला. रेल्वेचे म्हणाल तर परळीकडचा भाग सोडून जिल्हा कोरडाच राहिला. खुद्द बीड शहरातून नगरकडे प्रवासी गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. एवढी वर्षे बाळंतीण असो, वऱ्हाड असो की ऊसतोडीची टोळी असो, सगळा भार रबरी चाकांवर. अशा मुलखात गाडी बंद पडणे ही नुसती गैरसोय नसते.

1992 च्या मे महिन्यात काकूंचे दिवस भरले. सुईणीने मान हलवली, आणि काकांनी आपली जीप अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्याकडे काढली. मागे काकू, आजी आणि पाण्याची घागर धरून बसलेली दहा वर्षांची मी. महिनाभर ती जीप सुरू होताना चिरचिर आवाज करी. आजीने एकदा विचारलेही होते, "कशाची रे ही चिरचिर?" काका म्हणाले, "काही नाही, गाडी जुनी झाली." माजलगावकडून धारूरचा घाट चढताना तो आवाज अचानक थांबला. आम्हांला बरेच वाटले! दोन वळणांनंतर बॉनेटमधून वाफा येऊ लागल्या.

ती चिरचिर फॅनबेल्टची होती. हा रबरी पट्टा इंजनाच्या जोरावर पंखा फिरवतो, पाण्याचा पंपही फिरवतो. तो सैल झाला, भेगाळला की किंचाळतो, आणि तुटला की गप्प होतो. मग पाणी जागच्या जागी उकळते.

काकांनी घाईने उपरणे हाताला गुंडाळले आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. घराघरातल्या बायांना जे ठाऊक असते ते त्या वेळी त्यांना आठवले नाही. शिट्टी पडायच्या आधी कुकर कोणी उघडते का? रेडिएटरचे झाकणही तसेच दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण निघाले की क्षणात त्याची वाफ. काकांची किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

एका मालट्रकवाल्याने गाडी थांबवली. काकूंना आणि आजीला केबिनमध्ये घेतले आणि काही न विचारता तो निघून गेला. मी आणि काका मागे राहिलो. ते घागरीत हात बुडवून बसले होते. रडत नव्हते, पण माझ्याकडे पाहतही नव्हते. तिसऱ्या प्रहरी धारूरहून एक म्हातारे मिस्त्री पट्टा घेऊन आले. त्यांनी आधी इंजनाला हात लावून ते निवल्याची खात्री केली, पट्टा चढवला, इंजन हळू चालू ठेवले आणि पाणी बारीक धारेने ओतले. "तापलेल्या इंजनात गार पाणी भडाभडा ओतलं तर बीड तडकतं, पोरी," ते म्हणाले. बीड म्हणजे ओतीव लोखंड, हे मला नंतर कळले. त्या वेळी वाटले की आमचे गावच तडकणार!

मग मला जवळ घेऊन त्यांनी तेलाची पट्टी दाखवली. ती ओढायची, पुसायची, परत घालायची, पुन्हा ओढायची. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्यातच उतरायचा, म्हणजे इंजनच गाडी धरून ठेवते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतारावर गाडी सोडणाऱ्यांबद्दल ते जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. कार्बोरेटर, प्लग यांचेही त्यांनी काही सांगितले. त्यातला कार्बोरेटर नव्या मोटारींतून केव्हाच गेला, तेव्हा ते असो.

आम्ही अंबाजोगाईला पोचलो तेव्हा मुलगा झालेला होता. काकूंनी आधी काकांचा हात पाहिला.

त्या मुलाने यंदा दसऱ्याला नवी मोटार आणली. माळ घालण्याआधी काका पुढे झाले, बॉनेट उघडायला लावले आणि पट्ट्यावर अंगठा दाबून पाहण्यासाठी वाकले. आत सगळीकडे काळी झाकणेच झाकणे. पंखा विजेचा, पट्टा कुठे कोपऱ्यात दडलेला. "अरे, पट्टा कुठे आहे?" काका म्हणाले. मुलाला ठाऊक नव्हते. दोघे मोबाईलचा दिवा लावून डोके आत घालून शोधत होते, आणि काकू हातात आरतीचे तबक घेऊन अंगणात उभ्या होत्या.