अंधाराचा राजपुत्र : एका बदनामीचा इतिहास

इंग्रज लोक बिअर कोमट का पितात, असा एक प्रश्न जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींचे शौकीन एकमेकांना हमखास विचारतात. त्याचे ठरलेले उत्तर असे, की त्यांचे फ्रिजही लूकसनेच बनवलेले असतात. याच मंडळींत असेही सांगितले जाते, की लूकसच्या दिव्याच्या बटणाला तीनच जागा असतात : बंद, मंद आणि लुकलुक. बर्मिंगहॅमच्या जोसेफ लूकस कंपनीने विसाव्या शतकात बहुतेक ब्रिटिश मोटारींना विजेची सामग्री पुरवली. तिच्या संस्थापकाला या शौकिनांनी, विशेषतः अमेरिकेतल्या, 'अंधाराचा राजपुत्र' ही पदवी बहाल केली. विनोद ही एक प्रकारची साक्षच असते. आणि साक्ष म्हटली की तिची उलटतपासणी करणे इतिहासाच्या अभ्यासकाला भाग पडते. प्रस्तुत लेख म्हणजे तसा एक प्रयत्न होय.

या पदवीतला पहिला विरोधाभास असा, की जोसेफ लूकस हा मुळात दिवे विकणारा माणूस होता. त्याचा जन्म १८३४ सालचा. १८६०च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या हॉकली भागात तो बादल्या, फावडी आणि रॉकेल अशा जिनसा हातगाडीवरून विकत असे. पुढे तो जहाजांचे आणि सायकलींचे दिवे बनवू लागला. १८८०च्या आसपास निघालेल्या त्याच्या सायकलच्या दिव्याचे नाव होते 'रस्त्याचा राजा'. १८९७ साली व्यवसायाची मर्यादित कंपनी झाली, १९०२ साली संस्थापक वारला, आणि त्यानंतर मोटारींच्या वाढीबरोबर कंपनीही वाढत गेली. १९२६ मध्ये तिने सीएव्ही आणि रोटॅक्स हे आपले दोन प्रतिस्पर्धी विकत घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फ्रँक व्हिटलच्या जेट इंजिनाच्या ज्वलनकक्षाचे अवघड काम याच कंपनीने पार पाडले. तेव्हा या मंडळींना कामच येत नव्हते, असा निष्कर्ष काढणे कठीण आहे.

मग दिवे विझत का होते? याचा शोध घेण्यासाठी एकच मोटार डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. एमजीबी ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात लाखोंच्या संख्येने बनली आणि त्यांतल्या फार मोठ्या हिश्श्याची निर्यात अमेरिकेला झाली. तिच्या पहिल्या काही वर्षांतल्या विजेच्या मांडणीत आजच्या वाचकाला चार गोष्टी विलक्षण वाटतील. बारा व्होल्टची एक बॅटरी नसून सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागे, जमिनीखालच्या खोबणींत बसवलेल्या असत. बॅटरीचे धन टोक मोटारीच्या सांगाड्याला जोडलेले असे. आज आपण ऋण टोक जोडतो. वीज निर्माण करण्यासाठी डायनमो असे आणि तो जास्तीत जास्त २२ अ‍ॅम्पियर देई. आणि साऱ्या मोटारीच्या रक्षणासाठी फक्त दोन फ्यूज असत. हेडलाइटच्या वाटेवर तर एकही फ्यूज नसे. बॅटरीकडून निघालेला सगळा प्रवाह बटणातून आणि डिपरमधून थेट दिव्यापर्यंत जाई.

डायनमोची मर्यादा त्याच्या रचनेतच आहे. इंजिन संथ चालत असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नाही. पन्नास वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर आठ अ‍ॅम्पियरहून थोडे अधिक घेतात. त्यात इग्निशन, मागचे दिवे, वायपर आणि हीटरचा पंखा यांची भर घातली, की पावसाळी रात्री वाहतुकीत अडकलेली मोटार बॅटरीतली शिल्लक खर्चू लागते. तथापि ही मर्यादा एकट्या लूकसच्या डायनमोची नव्हती. त्या काळच्या सर्वच डायनमोंची होती.

खरे दुखणे दुसरीकडे होते. लूकसच्या वायरींच्या टोकांना पितळेच्या छोट्या गोळ्या असत. अशा दोन गोळ्या एका नळीत दोन बाजूंनी दाबून बसवल्या, की जोड पूर्ण झाला. नव्या मोटारीत ही पद्धत उत्तम चालते. वीस पावसाळे खाल्ल्यावर मात्र पितळेवर गंज चढतो आणि जोडाचा रोध वाढतो. समजा, दोन्ही हेडलाइटच्या सामाईक वाटेवर अवघा ०.१५ ओहम एवढा रोध वाढला. आठ अ‍ॅम्पियरचा प्रवाह तेथे १.२ व्होल्ट, म्हणजे एक दशांश दाब, गमावून बसतो. तारेच्या दिव्याचा उजेड दाबाच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहून किती तरी झपाट्याने घटतो. दाब दहा टक्के उतरला, की उजेड तीस टक्क्यांनी उतरतो. विनोदातल्या 'मंद' या जागेचे रहस्य हे असे आहे. दिवा निर्दोष, डायनमो निर्दोष, आणि दोष कोठे, तर बॉनेटखालच्या एका हिरवट पडलेल्या नळीत.

परतीच्या वाटेचेही तसेच. वीज सांगाड्यातून बॅटरीकडे परतते, म्हणून सांगाडा जेथे गंजला तेथे ती अडते आणि आडवाट शोधते. मागच्या दिव्याची अर्थ तुटली, तर त्याचा प्रवाह शेजारच्या दुसऱ्या दिव्याच्या तारेतून वाट काढतो. मग वळणाचा दिवा लावला, की मागचा लाल दिवा त्याच्या तालावर लुकलुकू लागतो. इंजिनाला सांगाड्याशी जोडणारा पट्टा कोणी परत बसवायला विसरला, तर सेल्फचा शेकडो अ‍ॅम्पियरचा प्रवाह चोकच्या बारीक केबलमधून परततो आणि ती केबल तापून धुमसू लागते. पाहणाऱ्याला हे भुताटकीसारखे वाटते. वस्तुतः ओहमचा नियमच तेथे निमूटपणे आपले काम करत असतो.

लूकसने आणि ब्रिटिश उद्योगाने या वायरींना रंगांची एक शिस्त दिली होती, तिचा उल्लेख विनोदांत कधी येत नाही. तपकिरी म्हणजे सदैव जिवंत आणि फ्यूजविना. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी म्हणजे तीच, पण फ्यूजनंतरची. जांभळी म्हणजे सदैव जिवंत, पण फ्यूजमागची. निळी हेडलाइटची, लाल बाजूच्या दिव्यांची, काळी अर्थची. ही वर्णमाला ज्याने आत्मसात केली, त्याला त्या काळची बहुतेक कोणतीही ब्रिटिश मोटार नकाशा न उघडता वाचता येते. अडचण येते ती नंतरच्या हातांची. कोणा मालकाने रेडिओसाठी पिवळी वायर घुसडली, कोणी तुटलेल्या निळीला लाल जोडली. जुन्या पोथीत प्रक्षिप्त ओव्या शिराव्यात तसे हे असते. आणि पोथीप्रमाणेच येथेही दोष मूळ कर्त्याच्या माथी मारला जातो.

फ्यूजचे उदाहरण तर याहून बोलके आहे. लूकसच्या काचेच्या फ्यूजवर ३५ हा आकडा असतो. तो वितळण्याचा आकडा आहे. सतत वाहू द्यायचा प्रवाह त्याच्या निम्मा, म्हणजे सुमारे १७ अ‍ॅम्पियर. अमेरिकन फ्यूजवर मात्र सतत वाहण्याचा आकडा छापण्याची रीत होती. अमेरिकेतल्या मालकाने ३५ पाहून गावातल्या दुकानातला ३५चा फ्यूज बसवला, की त्याचे संरक्षण निम्म्यावर येई. पुढे वायर जळाली तर बोट लूकसकडे.

मग दोनच फ्यूज का? कोणत्या मोटारीवर किती खर्च करायचा हे ती मोटार बनवणारी कंपनी ठरवते. १९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपलाही विजेची सामग्री लूकसचीच होती. पण तिला आठ फ्यूज होते आणि हेडलाइटही त्यांच्या रक्षणाखाली होते. पुरवठादार तोच, पण मोटारीची किंमत वेगळी. अर्थात लूकसला सर्वस्वी निर्दोष ठरवण्याचेही कारण नाही. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९६३ साली वाहनांच्या विद्युत सामग्रीवर सविस्तर अहवाल दिला, तो मुख्यतः या कंपनीच्या वर्चस्वामुळेच. ज्याला स्पर्धक उरलेला नाही त्याला घाईही नसते.

ही संथगती बदलाच्या वर्षांत दिसते. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० सालीच व्हॅलियंट मोटारीला अल्टरनेटर दिला. संथ गतीतही वीज देणारे हे यंत्र सिलिकॉन डायोडमुळे मोटारीत मावण्याजोगे झाले होते. ई-टाइपला ते १९६४ साली मिळाले, एमजीबीला १९६७च्या अखेरीस. आणि दोन्हींत त्याबरोबरच ऋण टोक सांगाड्याला जोडले गेले.

आज अशी मोटार बाळगणाऱ्यासमोर प्रश्न असतो तो सुधारणेचा. बाजारात सारे मिळते : अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रिले, संपूर्ण नवे वायरिंग. परंतु जुन्या यंत्रातली एक कडी बळकट केली, की ताण पुढच्या कडीवर जातो. २२ अ‍ॅम्पियरसाठी योजलेल्या तपकिरी वायरवर ४५ अ‍ॅम्पियरचा अल्टरनेटर लादला, तर तीच तापू लागते. धन-ऋण उलटे करायचे, तर डायनमोला नवी दिशा द्यावी लागते, इग्निशन कॉइलची टोके बदलावी लागतात आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काटा आतून फिरवून घ्यावा लागतो. याउलट हेडलाइटसाठी दोन रिले आणि त्यांचे स्वतंत्र फ्यूज बसवणे हे मूळ मांडणीतली खरी उणीव भरून काढते, बटणावरचा भार उतरवते, आणि उद्या काढून टाकले तरी मागे खूण राहत नाही. कोणतीही सुधारणा या कसोटीवर घासून पाहावी : ती खरोखरच्या दोषासाठी आहे, की ऐकीव विनोदासाठी?

हे कळण्यासाठी आधी निदान हवे, आणि निदानाचा क्रम साधा आहे. आधी बॅटरीची टोके, मग अर्थचे पट्टे, मग फ्यूजची बैठक, मग जोड, मग बटणे. यंत्राचा नंबर शेवटी. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीवर आणि दुसरे दिव्यावर ठेवून, दिवा चालू असताना वाटेत किती दाब गळतो हे पाहावे. गळती जेथे सापडेल तेथे पॉलिश पेपर पुरतो.

आपल्याकडे ही विद्या अपरिचित नव्हती. मद्रासजवळ पाडी येथे १९६१ पासून लूकस-टीव्हीएस उभी राहिली. मॉरिस ऑक्सफर्डपासून घडलेली आपली अ‍ॅम्बॅसडर दीर्घकाळ ज्या बी-मालिकेच्या इंजिनावर धावली, त्याच मालिकेतले मोठे इंजिन एमजीबीत होते. डायनमो, कट-आउट आणि सेल्फ हे शब्द आपल्या गॅरेजांत मराठीच होऊन गेले. कट-आउटचे पॉइंट घासून, कार्बन बदलून गाडी पुन्हा रस्त्यावर आणणारे कारागीर नवा भाग परवडत नाही म्हणून निदान करत. गरजेने का होईना, पण ते आधी दोष शोधत आणि मग हात लावत.

लूकस कंपनी १९९६ साली व्हॅरिटीत विलीन झाली आणि १९९९ साली टीआरडब्ल्यूने ती जोडकंपनी विकत घेतली. स्वतःचा बचाव करायला ती आता उरलेली नाही. विनोद मात्र टिकून आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. एका नावाला बोल लावणे सोपे असते. बॉनेट उघडून पन्नास जोड एकेक करून तपासणे कष्टाचे. असा विनोद ऐकून ज्यांनी चांगले डायनमो भंगारात टाकले, त्यांच्या मोटारींतले ते हिरवट जोड मात्र तसेच राहिले, आणि दिवेही मंदच राहिले.