सोलापुरी चादर : वळकटीतून आलेला इतिहास

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत रशियाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात जी मराठी कुटुंबे येथे आली, त्यांच्यापैकी अनेकांच्या सामानात एक ट्रंक व एक वळकटी असे. वळकटी सोडली की आतून निघे ती सोलापुरी चादर. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात थोरांचे स्मरण होईलच. आम्ही या मूक सोबतिणीचे स्मरण करू इच्छितो.

सोलापुरास रेल्वे १८६० साली पोहोचली आणि १८७७ साली तेथे पहिली कापडगिरणी निघाली. त्याच वर्षीच्या १ जानेवारीस जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली होती. परंतु सोलापूरच्या चादरीची खरी कीर्ती गिरण्यांपेक्षा घरोघरच्या मागांवर वाढली. ते माग चालविणारे पुष्कळ विणकर पद्मशाली समाजाचे. पोटासाठी तेलंगणातून आलेले, घरात तेलुगू व बाजारात मराठी बोलणारे. जिला आम्ही परमुलखात मराठीपणाची खूण मानून जपले, ती परमुलखात येऊन स्थिरावलेल्या माणसांनीच विणलेली होती, हे ध्यानी आले की शेजारच्या तेलुगू कुटुंबाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागतो.

या चादरीवरील नक्षी छापलेली नसते, विणलेली असते. फ्रान्समधील जाकार याने १८०४ साली सिद्ध केलेल्या यंत्रात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. कोणता ताणा उचलावा व कोणता खाली राहावा, हे ती भोके ठरवितात. म्हणून चादर उलटली तरी नक्षी दिसतेच, फक्त रंगांची अदलाबदल होते.

आता थोडे निवडीविषयी. सिविक सेंटरमध्ये पगाराच्या आठवड्यात सहकुटुंब खरेदी करताना आमची दृष्टी प्रथम रंगावर जाई. एकदा एका दुकानातून आणलेली चकचकीत चादर पहिल्याच धुण्यात खळ सोडून जाळीसारखी विरळ झाली, तेव्हा आम्ही शहाणे झालो. कापड दोन बोटांत चोळावे. भुकटी झडली तर ते खळीचे वजन समजावे. उजेडासमोर धरून वीण सारखी आहे का पाहावे. ओला पांढरा रुमाल घासून रंगाची परीक्षा घ्यावी. सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. पांघरण्यास जाड सूत चांगले, अंथरण्यास बारीक. वेष्टनावरील धाग्यांच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नये; दुपदरी सुताचे पदर वेगळे मोजून तो फुगविता येतो. भिलाईच्या उन्हाळ्यात घाम शोषणारे निव्वळ सुती कापडच सुखाचे.

आमच्या शेजारच्या राजनांदगावासही हा वारसा होता. तेथील बंगाल नागपूर कॉटन मिल्सची मच्छरदाणी नावाजलेली होती. १९२० साली ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली तेथील कामगारांनी मोठा संप केला. ती गिरणी आज बंद आहे. नागपूरची एम्प्रेस मिल व सोलापूरची जुनी मिलही बंद झाल्या. स्वस्त मालाच्या स्पर्धेत मागही थकले आहेत.

सोलापुरी चादरीस २००५–०६ या वर्षी भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली. अन्यत्र विणलेल्या चादरीस ते नाव लावण्याचा अधिकार राहिला नाही. परंतु कायदा नाव राखील, माग राखणार नाही. तो राखणे गिऱ्हाइकाच्या हाती आहे. भट्टीपाशी उभे राहिलेल्या माणसास दुसऱ्याच्या घामाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. आमच्या मुलाबाळांनी पुढील चादर घेताना रंगाआधी वीण पाहावी आणि विणीमागील हात आठवावा, एवढेच आमचे मागणे.