पुरण आणि क्लाफुती : दोन भरलेली नावे

फ्रान्समधील लिमुझँ प्रांतात काळ्या चेरींवर अंडी, दूध व पीठ यांचे पातळ मिश्रण ओतून ते भट्टीत भाजतात. या मिष्टान्नाचे नाव ‘क्लाफुती’. शब्द फ्रेंच कोशात असला तरी त्याचे माहेर ऑक्सितान भाषेत आहे. त्या भाषेत ‘क्लाफीर’ म्हणजे भरणे. १५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने न्यायालयीन कागदपत्रांसाठी फ्रेंच सक्तीची केली. ऑक्सितान आधी कचेरीतून गेली, पुढे शाळेने तिला हाकलले.

आपल्या पुरणपोळीच्या नावातही भरणेच आहे. संस्कृत ‘पूरण’ म्हणजे भरणे. कन्नडात शब्दारंभीच्या ‘प’चा ‘ह’ झाला, म्हणून आपल्या शेजाऱ्यांकडे पुरणाचे ‘हूरण’ आणि पोळीची ‘होळिगे’ ऐकू येते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात पोळिका आणि मंडक, म्हणजे मांडे, यांचे वर्णन आहे. ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. या पदार्थांवर कोणा एका भाषेने एकटीचा हक्क सांगू नये, हे सीमाभागाने तरी जाणावे.

हीच पोळी मराठ्यांबरोबर माळव्यात उतरली. उज्जैनचे महाकाल मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी नव्याने उभारले. तेथील गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांचे. १८१०च्या सुमारास शिंद्यांची राजधानी ग्वाल्हेरला गेली, तरी मराठी कुटुंबे क्षिप्रेकाठी राहिली. मालवी बोलीला ‘ळ’ परका नाही. प्रमाण हिंदीत मात्र तो नाही. त्यामुळे हिंदी लेखणीत पुरणपोळीची ‘पूरन पोली’ झाली. उज्जैनशी नाते असलेल्या एकाच मराठी घरातून गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले, तर धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले.

सण आणि स्वयंपाक आहेत तोवर भाषेला भय नाही, असे आपल्यातील अनेकजण मानतात. त्यांनी लिमुझँकडे पाहावे. क्लाफुती आज जगभर भाजली जाते. तेथील ऑक्सितान बोली मात्र युनेस्कोच्या यादीत गंभीर संकटात आहे. ताटातील नाव परक्या कोशातही सुखाने नांदते. भाषेला शाळा लागते, दप्तर लागते आणि घरात तीत भांडणारी, हट्ट करणारी मुले लागतात. सीमाभागातील मराठी शाळेत या वर्षी पहिलीत किती नावे दाखल झाली, हे प्रत्येक गावाने मोजावे.