पाण्यात दिसेनासा होणारा दगड

आमच्या आजीच्या भाषेत ॲल्युमिनियमचं पातेलं म्हणजे 'जर्मनचं पातेलं'. पण थोडंफार श्रेय खरं तर ग्रीनलंडला जायला हवं. कारण क्रायोलाइट नावाचा दगड.

सोडियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोरिन यांचं हे संयुग, म्हणजे आपल्या मिठाच्याच हॅलाइड कुळातलं. त्याचा खरोखर मोठा साठा सापडला तो नैऋत्य ग्रीनलंडमधल्या इविटुटला. १७९९ मध्ये कोपनहेगनच्या आबिलगार्डने त्याचं वर्णन केलं (गृहस्थ जनावरांचे डॉक्टर होते, बरं का!). ग्रीकवरून पडलेल्या नावाचा अर्थ 'बर्फाचा दगड'.

आता बर्फासारखा तर क्वार्ट्झही दिसतो. मग ओळखायचा कसा? क्वार्ट्झ काचेवर ओरखडा काढतो, हा चाकूने सहज खरवडला जातो. तरी हाताला क्वार्ट्झपेक्षा जड लागतो. सोबत तपकिरी सिडेराइट चिकटलेलं असेल तर इविटुटची शक्यता वाढते. पण सगळ्यात भन्नाट चाचणी पाण्याची. याचा अपवर्तनांक १.३३८, पाण्याचा १.३३३. चुरा पाण्यात टाकला की जवळजवळ गायब! विरघळत नाही हं, फक्त दिसत नाही.

सुरुवातीला याचा उपयोग सोडा बनवायला व्हायचा. खरा भाव आला १८८६ नंतर. ॲल्युमिना वितळवायला २००० अंशांच्या वर तापमान लागतं, पण वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ती हजार अंशांच्या आत विरघळते. मग वीज सोडायची, ॲल्युमिनियम तळाशी. अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी एकाच वर्षी स्वतंत्रपणे हे शोधलं. दोघेही जेमतेम बावीस-तेवीस वर्षांचे. (त्या वयात मी कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करत होतो. असो.)

१९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतला, आणि विमानांच्या ॲल्युमिनियमसाठी लागणारी ही खाण डेन्मार्कच्या वसाहतीत! १९४१ मध्ये करार करून अमेरिकेने ग्रीनलंडच्या संरक्षणाची जबाबदारी घेतली, खाणीजवळ नाविक तळही बांधला. 'जर्मन'च्या पातेल्याची गंमत बघा :)

पुढे कृत्रिम क्रायोलाइट कारखान्यात बनू लागलं, साठा संपत गेला आणि १९८७ मध्ये खाण बंद पडली. आता हा दगड फक्त संग्राहकांचा. नुसती पांढरी ढेप फार महाग नसते. स्पष्ट कडांचे स्फटिक असतील आणि जुन्या संग्रहाची इविटुट लिहिलेली चिठ्ठी सोबत असेल, तर मात्र खिसा सांभाळा.